कुलूप शाबूत, दार बंद

सन २०२१ च्या सप्टेंबरची ३० तारीख. पितृपक्षातील अविधवा नवमी म्हणून घरी आईचे श्राद्ध झाले होते, आणि दुपारच्या जड जेवणाची सुस्ती संध्याकाळ झाली तरी कोणाच्याच अंगातून गेली नव्हती. पावणेआठच्या सुमारास देवासहून एका मुलीचा फोन आला. "काका, अर्ज जातच नाहीये. सगळं भरते, शेवटचं बटण दाबते, आणि 'खाते पडताळता आले नाही' एवढंच येतं. आज शेवटची तारीख आहे ना?"

शेवटची तारीख होती हे खरेच. आमच्या इंदुरातील एका जुन्या संस्थेचा विद्यार्थी साहाय्य निधी आहे. त्याचे अर्ज काही वर्षांपासून संगणकावरच भरून घेतले जातात. मी बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झालेला. तेव्हा या व्यवस्थेची देखभाल ओघानेच माझ्या गळ्यात पडली. अर्जदाराने बँकेचा खाते क्रमांक लिहिला की आमचा सर्व्हर तो एका पडताळणी सेवेच्या सर्व्हरकडे पाठवितो, खाते कोणाच्या नावे आहे ते विचारतो, आणि नाव जुळले तरच अर्ज स्वीकारतो. मागे एकदोन मुलांची मदत आकड्याच्या चुकीने भलत्याच खात्यात गेली, तेव्हापासून ही सोय केलेली. त्या रात्री बारा वाजता मुदत संपणार होती, आणि आमचा अनुभव असा की निम्मे अर्ज शेवटच्या चार तासांतच येतात.

मी प्रथम आमचे संकेतस्थळ उघडून पाहिले. पत्त्याशेजारचे कुलपाचे चिन्ह शाबूत होते. प्रमाणपत्राची मुदत डिसेंबरपर्यंत होती. सर्व्हरचे घड्याळ बरोबर चालत होते. (घड्याळ आधी पाहावे, हा माझा जुना नेम. तारीख मागे पडलेल्या संगणकाला कालच मिळालेले प्रमाणपत्रही 'अजून लागू न झालेले' वाटते, आणि मग तासन्‌तास नको तेथे शोध घेतला जातो.) शेवटी सर्व्हरची नोंदवही उघडली. ७ वाजून ३२ मिनिटांपासून प्रत्येक अर्जापुढे तीच एक तक्रार उमटली होती: 'सर्टिफिकेट हॅज एक्स्पायर्ड'. प्रमाणपत्राची मुदत संपली आहे.

कोणाच्या प्रमाणपत्राची? आमच्या नव्हे, ते तर आताच पाहिले. म्हणून पडताळणी सेवेचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडला. तेथेही कुलूप शाबूत, मुदत नोव्हेंबरपर्यंत. दोन्ही घरची कुलपे ठीक, आणि मधले दार मात्र उघडत नाही!

पुढे जाण्यापूर्वी या कुलपाचा अर्थ थोडा स्पष्ट करणे बरे. कुलूप म्हणजे गुप्तता, एवढे बहुतेकांना ठाऊक असते: आपण लिहिलेले वाटेत कोणाला वाचता येत नाही. पण कुलपाचे दुसरे काम पहिल्याहून मोठे आहे. ज्याच्याशी आपण बोलत आहो तो खरोखर तोच आहे, याची ते हमी देते. चोराशी अत्यंत गुप्तपणे बोलून काय उपयोग?

ही हमी कशी मिळते हे समजावयास आमच्या सराफ्यातील जुन्या हुंड्यांकडे पाहावे. शाहजोग हुंडीचे पैसे वाटेल त्या मनुष्याला मिळत नसत. बाजारात ज्याची पत आहे अशा शहाच्या हातूनच ती यावी लागे. हुंडी घेऊन आलेला गावचा नवखा असला, तरी त्या शहाला पेढीवाला ओळखत असे आणि त्या ओळखीवर व्यवहार होई. सर्व्हरचे प्रमाणपत्र याच जातीचे आहे. 'या नावाच्या सर्व्हरची ही सार्वजनिक किल्ली' असे त्यात लिहिलेले असते आणि खाली एका प्रमाणकर्त्या संस्थेची गणिती सही असते. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही. त्या संस्थेला कोण ओळखतो? तिच्या प्रमाणपत्रावर तिच्या वरच्या संस्थेची सही असते. असे करीत साखळी एका मूळ प्रमाणपत्रापाशी पोहोचते. त्याच्यावर त्याची स्वतःचीच सही. त्याला वर कोणी नाही. मग त्यावर विश्वास का ठेवावयाचा? तर आपल्या संगणकात अशा मूळ प्रमाणपत्रांची एक यादी आधीपासून घालून दिलेली असते. मी तिला विश्वासयादी म्हणतो. बाजारातल्या शहांची ती यादी होय.

माझा भाचा त्या दिवशी आजीच्या श्राद्धाला आला होता आणि अजून घरीच होता. तो येथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. हुशार आहे, आणि हुशार मुलांना असते तशी घाईही आहे. खांद्यावरून पाहून तो म्हणाला, "मामा, तपासणीच बंद करून टाका ना. एक शब्द बदलायचा. रात्रीपुरतं. उद्या सावकाश बघू."

हा सल्ला वेड्याचा नव्हता. तपासणी बंद केली की सर्व्हर समोरच्याचे प्रमाणपत्र मागतो, घेतो आणि न पाहताच ठीक म्हणतो. गुप्तता राहते, ओळख जाते. अर्ज तत्काळ सुरू झाले असते. संगणकाच्या धंद्यात हा शब्द रोज हजारो ठिकाणी बदलला जातो, आणि तो 'रात्रीपुरता' असतो.

मी नको म्हणालो. माझ्या डोळ्यांपुढे दोन जुनी प्रकरणे होती.

पहिले नेदरलँड्समधले. डिजिनोटार नावाची तेथील एक प्रमाणकर्ती कंपनी. डच सरकारच्या कित्येक कार्यालयांची प्रमाणपत्रे तिचीच असत. २०११ च्या जून-जुलैमध्ये कोणी तरी तिच्या यंत्रणेत शिरले आणि त्याने दुसऱ्यांच्या नावांची खोटी प्रमाणपत्रे तिच्या खऱ्या सहीने काढून घेतली. त्यांत गूगलच्या नावाचे एक होते. ते इराणमध्ये वापरले गेले: लोक आपली टपाले वाचावयास गूगलकडे जात आणि मधल्यामध्ये दुसराच कोणी गूगल होऊन बसलेला असे. नंतरच्या तपासात सुमारे ३ लाख संगणक-पत्ते या जाळ्यात आलेले दिसले. हे उघडकीस कसे आले? ऑगस्टच्या अखेरीस इराणमधल्या एका सामान्य वापरकर्त्याच्या क्रोम ब्राउझरने इशारा दाखविला, आणि त्याने तो झटकून न टाकता गूगललाच जाहीरपणे विचारले की हे काय आहे? गूगलच्या नावांना कोणाकोणाची सही चालते हे क्रोमला आतून माहीत होते, म्हणून तो अडला. डिजिनोटारचे नाव सगळ्या विश्वासयाद्यांतून काढले गेले आणि सप्टेंबरात त्या कंपनीचे दिवाळे वाजले.

दुसरे प्रकरण आपल्या देशातले. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये आपल्याकडे प्रमाणकर्त्या संस्थांवर एक नियंत्रक असतो, आणि त्याच्या सहीखाली राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र, म्हणजे सरकारी एनआयसी, प्रमाणपत्रे देत असे. २०१४ च्या २ जुलैला गूगलच्या लक्षात आले की आपल्या नावांची काही अनधिकृत प्रमाणपत्रे या एनआयसीच्या सहीने निघाली आहेत. नियंत्रकांनी दुसऱ्याच दिवशी एनआयसीची मधली प्रमाणपत्रे रद्द केली. मायक्रोसॉफ्टच्या विश्वासयादीत भारतीय नियंत्रकाचे मूळ असल्यामुळे विंडोजवरच्या बहुतेक कार्यक्रमांनी ती खोटी प्रमाणपत्रे खरी मानली असती. फायरफॉक्सची यादी निराळी, म्हणून तो सुटला. प्रत्येकाची यादी वेगळी असते, हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. आमच्या त्या रात्रीचे कोडे त्यातच होते.

आमच्या मुलांच्या खाते क्रमांकांसाठी कोणी इतका उपद्व्याप करील असे नाही. पण तपासणी बंद केली की इतका उपद्व्याप करण्याची गरजच उरत नाही. खोटे प्रमाणपत्र घरी बसून पाच मिनिटांत करता येते आणि आमचा सर्व्हर तेही मान्य करील. तेव्हा भाच्याला म्हटले, "तक्रार करणाऱ्याचे तोंड दाबण्याआधी त्याला नीट विचारू या, बाबा, की साखळीतली नेमकी कोणती कडी म्हणतोस?"

हे विचारण्याचे साधन ओपनएसएसएलबरोबरच येते. ओपनएसएसएल ही कूटलेखनाची लायब्ररी. या लायब्ररीचा पुस्तकांशी संबंध नाही. कार्यक्रम लिहिणाऱ्यांना आयती वापरता यावी अशी तयार कारागिरी, एवढाच तिचा अर्थ. एरिक यंग आणि टिम हडसन यांच्या आधीच्या कामातून १९९८ च्या अखेरीस ती निघाली, आणि आज जगातील असंख्य सर्व्हरांचे कुलूप तीच घडविते. तिच्यात 'एस-क्लायंट' नावाची आज्ञा आहे. ती दुसऱ्या सर्व्हरचे दार ठोठावते आणि त्याने दाखविलेली सगळी साखळी, कडी क्रमांकासह, तुमच्यापुढे मांडते. ब्राउझरच्या चित्रावर न जाता ज्या यंत्रावर बिघाड झाला त्याच यंत्रावरून ही आज्ञा द्यावयाची, हे मात्र महत्त्वाचे. मी घरच्या ब्राउझरमध्ये पाहत बसलो त्यात अर्धा तास गेला.

उत्तर आले. कडी शून्य: पडताळणी सेवेचे प्रमाणपत्र, ठीक. कडी एक: लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे मधले प्रमाणपत्र 'आर-३', ठीक. कडी दोन: 'आयएसआरजी रूट एक्स-१', ठीक. कडी तीन: 'डीएसटी रूट सीए एक्स-३'. आणि येथे त्रुटी क्रमांक १०, मुदत संपली. अखेरची वेळ ३० सप्टेंबर २०२१, ग्रीनिचचे १४ वाजून १ मिनिट १५ सेकंद. आपल्याकडची ७ वाजून ३१ मिनिटे. नोंदवहीतील पहिली तक्रार ७ वाजून ३२ मिनिटांची!

म्हणजे गेले होते ते घराण्यातले सर्वांत वडील माणूस. हे मूळ प्रमाणपत्र २००० सालच्या ३० सप्टेंबरला जन्मले आणि बरोबर एकवीस वर्षांनी त्याचे आयुष्य सरले. पितृपक्षातच सरले, असे भाचा म्हणाला, आणि आईच्या तसबिरीकडे पाहून आम्ही दोघेही जरा ओशाळून हसलो.

गोष्ट अशी. लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट प्रमाणपत्रे देणारी संस्था. २०१५ च्या अखेरीस तिने सर्वांसाठी काम सुरू केले तेव्हा तिचे स्वतःचे मूळ, म्हणजे एक्स-१, अजून कोणाच्या विश्वासयादीत नव्हते. म्हणून आयडेनट्रस्ट या जुन्या कंपनीच्या एक्स-३ या मुळाचा आधार घेण्यात आला. नव्या पेढीने जुन्या पेढीची ओळख लावावी तसेच. पुढे एक्स-१ स्वतःच्या पतीवर सगळ्या याद्यांत शिरला. आता त्याच्या कडीपाशी दोन वाटा फुटतात: तो स्वतःच यादीत आहे म्हणून तेथेच थांबावे, किंवा जुन्या सहीचा माग घेत एक्स-३ पर्यंत जावे. शहाणा कार्यक्रम पहिल्या वाटेने जातो. ब्राउझर तसेच करीत होते. आमच्या सर्व्हरवरील ओपनएसएसएल १.०.२ मात्र समोरच्याने दाखविलेली साखळी शेवटपर्यंत चढे, वर यादीत एक्स-३ सापडला की तोच धरून बसे, आणि तो मृत आहे असे कळल्यावर दुसरी वाट आहे का हे पाहतच नसे. १.१.० पासून हा स्वभाव सुधारला होता. १.०.२ ची देखभाल तर २०१९ सरतानाच थांबली होती. ती लायब्ररी आम्ही तोपर्यंत ठेवली, हा दोष माझा.

मेलेल्या मुळाची ती सही मग लेट्स एन्क्रिप्टने का बाळगली होती? जुन्या अँड्रॉइड फोनांसाठी. ७.१.१ च्या आधीच्या फोनांच्या यादीत एक्स-१ नाही; पण ते फोन मूळ प्रमाणपत्राची अखेरची तारीख पाहतच नाहीत. त्यांच्या या ढिलाईचा फायदा घेऊन गोरगरिबांचे फोन चालू ठेवले गेले, आणि त्याची किंमत आमच्यासारख्या जुन्या सर्व्हरवाल्यांनी मोजली. सौदा वाईट होता असे मला वाटत नाही. देवासच्या त्या मुलीचा फोन तसलाच असेल कदाचित.

उपाय सोपा निघाला: विश्वासयादीतून एक्स-३ चे नाव काढून यादी पुन्हा बांधावयाची. वर काही सापडले नाही की जुनी लायब्ररी नाइलाजाने एक्स-१ वर येऊन थांबते. तसे केले, 'एस-क्लायंट' पुन्हा चालविले. चारही कड्या गेल्या नि तीन राहिल्या, सर्व ठीक. देवासला फोन करून सांगितले, "बेटा, आता कर." तिने केले. तोच संदेश!

पुढचा वेळ माझ्या आयुष्यातील चांगल्यांपैकी नव्हता. आधी सर्व्हरचा कार्यक्रम बंद करून पुन्हा सुरू केला, कारण चालता कार्यक्रम सुरू होतानाच यादी वाचून घेतो आणि नंतर ती बदलली तरी त्याला पत्ता नसतो. त्यानेही भागले नाही. मग दोष प्रमाणपत्राचा की आणखी कशाचा हे पाहण्यासाठी मी एक प्रयोग केला. त्याविषयी पुढे सांगतो. प्रयोगाने दोष प्रमाणपत्राचाच ठरला. तेव्हा यंत्राची मांडणी-फाइल ओळ न्‌ ओळ वाचत गेलो, आणि मध्येच आढळले की अर्जाचा कार्यक्रम यंत्राची विश्वासयादी पाहतच नव्हता. कोणे एके काळी, बहुधा असल्याच एखाद्या अडचणीत, कोणी तरी त्याला २०१७ सालची एक निराळी यादी नेमून दिली होती. एका घरात दोन याद्या! एकीतून मृताचे नाव काढले, दुसरीत ते तसेच. ती ओळ खोडून कार्यक्रमाला यंत्राच्या यादीकडे वळविले. ११ वाजून ६ मिनिटांनी देवासचा अर्ज आला. मुदत आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाढविली, हे सांगणे नलगे.

त्यानंतर ओळखीच्या संस्थांची असली दुखणी माझ्याकडे येऊ लागली. बहुतेक फार साधी असतात. सर्वांत वारंवार भेटणारे म्हणजे मधली कडी दाखवावयास विसरणे. सर्व्हरने आपले प्रमाणपत्र आणि मधले प्रमाणपत्र दोन्ही पुढे करावयाची असतात. मांडणी करणारा पहिलेच घालतो. गंमत अशी की त्याच्या स्वतःच्या ब्राउझरला ते चालते, कारण पुष्कळ ब्राउझर हरवलेली कडी स्वतः शोधून आणतात किंवा आधीची आठवणीत ठेवतात. तो म्हणतो माझ्याकडे चालते. इतर म्हणतात आमच्याकडे नाही. आणि दोघेही खरे बोलत असतात. दुसरे दुखणे नावाचे: प्रमाणपत्र 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'सह घेतलेले आणि लोक त्याशिवाय येतात, किंवा उलट. तिसरे, नव्या प्रमाणपत्राजवळ जुनी खासगी किल्ली राहून जाते. मग सर्व्हर सुरूच होत नाही. हे त्यातल्या त्यात बरे, कारण ते लपत नाही.

लायब्ररीची दुखणी खोल असतात आणि ती मात्र लपतात. २००६ साली डेबियन या लिनक्स प्रणालीच्या देखभाल करणाऱ्यांना असे दिसले की संगणकाची स्मृती तपासणारे एक साधन ओपनएसएसएलमधील एका ओळीबद्दल सारखे इशारे देत आहे. इशारा नको म्हणून ती वगळण्यात आली. इशारे थांबले. पण किल्ली घडविताना जी यदृच्छा, जो बिनहिशेबीपणा मिसळावा लागतो, तो त्याच वाटेने आत येत होता. परिणामी एकेका जातीच्या यंत्रावर ३२,७६८ पेक्षा अधिक निरनिराळ्या किल्ल्या घडणेच शक्य राहिले नाही. वाटेल त्याने घरी बसून सगळ्या घडवून ठेवाव्या! कुलपे बाहेरून उत्तम दिसत होती. १३ मे २००८ ला हे जाहीर होईपर्यंत जवळजवळ दोन वर्षे जगभर अशा किल्ल्या वापरात होत्या, आणि केवळ लायब्ररी दुरुस्त करून भागेना. त्या काळात घडलेली प्रत्येक किल्ली शोधून फेकावी लागली. २०१४ च्या एप्रिलमधील 'हार्टब्लीड' दोषाचेही तेच. दर खेपेस ६४ किलोबाइटपर्यंत आतली स्मृती बाहेर येई, तीत खासगी किल्लीही असू शके, म्हणून लायब्ररी बदलल्यावर किल्ली आणि प्रमाणपत्रही नवे घ्यावे लागे. हे दुसरे काम पुष्कळांनी केलेच नाही.

आमचा जुना सर्व्हर काढून नवा घेण्यास २०२३ चा ऑक्टोबर उजाडला. नव्या यंत्रावर ओपनएसएसएल ३ आली, आणि ती मोठी करडी निघाली. जुन्या पद्धतीने बांधलेली किल्लीची फाइल तिने उघडण्याचे नाकारले. ज्या एका कार्यालयाकडे आम्हांला वर्षातून एकदा हिशेब पाठवावा लागतो त्याच्या सर्व्हरशी बोलण्याचेही तिने नाकारले, कारण त्याची बोलणी पुन्हा सुरू करण्याची रीत जुनी व धोक्याची होती. मांडणी-फाइलमध्ये सुरक्षेची पातळी एका ओळीने खाली आणता येते. तशा ओळी सुचविणारे पुष्कळ भेटतात. परंतु ती ओळ सबंध यंत्राला लागू होते. एका म्हाताऱ्या पाहुण्याला जिना चढवत नाही म्हणून घराचे जोतेच खाली आणावे, तसे ते. फाइल जुन्या यंत्रावर उघडून नव्या पद्धतीने बांधली. आणि त्या कार्यालयापुरती सवलत त्या एकाच कार्यक्रमात लिहिली, शेजारी तारीख व कारण घातले.

हे हलविण्याचे काम करताना भाचा आणि मी सगळ्या फाइली एकेक करून वाचत होतो. मध्येच तो थांबला. काही बोलला नाही. संगणक माझ्याकडे वळविला.

आमच्याकडे अर्जाखेरीज आणखी एक कार्यक्रम आहे. रोज रात्री दोन वाजता तो सर्व लाभार्थ्यांची खाती पुन्हा पडताळतो. त्यात प्रमाणपत्र-तपासणीच्या शब्दापुढे 'फॉल्स' लिहिलेले होते. बंद. फाइल शेवटची बदलल्याची वेळ ३० सप्टेंबर २०२१, रात्री ९ वाजून ५२ मिनिटे.

तो माझा प्रयोग होता. अर्जाचा मुख्य कार्यक्रम लोकांसमोर असल्याने त्याला हात न लावता मी या रात्रीच्या कार्यक्रमात तपासणी काढून पाहिली होती; काढताच खाते पडताळले गेले, आणि त्यावरूनच दोष साखळीत आहे हे ठरले. निदान म्हणून ते योग्यच होते. पुढे दुसरी यादी सापडली, अर्ज सुरू झाले, आनंद झाला, आणि तो एक शब्द परत फिरवावयाचा राहिला. दोन वर्षांवर प्रत्येक रात्री, दोनशेहून अधिक मुलांचे खाते क्रमांक, समोर कोण आहे हे न पाहता पाठविले गेले. एकदाही तक्रार उमटली नाही, उमटणार कशी?

अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमापन कंपनीची हकीकत मी पूर्वी भाच्याला रंगवून सांगत असे. तिच्या जाळ्यातली वाहतूक उघडून तपासणाऱ्या एका यंत्राचे प्रमाणपत्र एकोणीस महिने संपलेले होते, त्यामुळे ते यंत्र आंधळे झाले होते आणि हे कोणाच्या ध्यानातच नव्हते. २०१७ च्या २९ जुलैला नवे प्रमाणपत्र घातले, आणि लगेच चोरीची वाहतूक दिसू लागली. तोवर चोर ७६ दिवस आत होते. १४ कोटींहून अधिक लोकांची माहिती गेली. ती गोष्ट त्या दिवशी भाच्याने काढली नाही, हा त्याचा चांगुलपणा.

त्या दोन वर्षांत खरोखर कोणी मधे बसले होते काय, हे कळण्यास मार्ग नाही. ज्याची नोंदच होत नव्हती त्याचा शोध कोठे घेणार? पडताळणी सेवेकडून त्या काळातील आमच्या विचारण्यांची यादी मागविली आणि आमच्या नोंदींशी ताडून पाहिली. रात्री जुळत होत्या, एवढे समाधान. सेवेने दिलेला आमचा परवलीचा शब्द बदलून घेतला. कार्यकारिणीच्या बैठकीत मी स्वतःच हे मांडले. एका सभासदाने विचारले की काही झालेच नसेल तर मुलांना कळवून घाबरवावे कशाला? त्यावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी कळवावे असे ठरले.

२०२५ च्या एप्रिलमध्ये ब्राउझरकर्ते आणि प्रमाणकर्ते यांच्या संयुक्त मंडळाने ठराव करून प्रमाणपत्रांचे कमाल आयुष्य ३९८ दिवसांवरून पायरीपायरीने खाली आणण्याचे ठरविले: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १००, आणि २०२९ पासून ४७. हाताने नूतनीकरण करण्याचे दिवस यापुढे गेले. आमच्याकडे ते काम भाच्याने कार्यक्रमावर सोपविले आहे. आठवड्यातून एकदा मात्र तो कार्यक्रम मुद्दाम एका मुदत संपलेल्या प्रमाणपत्राचे दार ठोठावतो, आणि तपासणीने ते नाकारले की नाही ते पाहतो. नाकारले नाही तर आम्हां दोघांना फोनवर संदेश येतो. ही कल्पना त्याची.

पत्रे मी हाताने लिहिली. छापील पत्र पाठवून काम झाले असते. पण चूक माझी होती, आणि दोनशे पत्रे म्हणजे काही फार नव्हेत. देवासची ती मुलगी तोपर्यंत पुण्यास नोकरीला लागली होती. तिचे उत्तर आले. खाते तिने केव्हाच बदलले होते. काळजी करू नये असे तिने लिहिले होते, आणि खाली विचारले होते की त्या रात्री तिचा फोनच जुना असल्याने अर्ज जात नव्हता असे तिला इतके दिवस वाटत आले, ते खरे होते काय?